ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय: जाण्याआधी काय करायचं, तिथे गेल्यावर काय बोलायचं

ताई, तुम्ही एकात पाच प्रश्न विचारलेत. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पत्त्यावर मिडलसेक्स काउंटीचं ज्युरी समन्स (खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं कोर्टाचं बोलावणं) आलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात पुण्याला भाच्याची मुंज. तारीख बदलून मिळेल का? ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हटलं की सोडून देतात असं मैत्रीण म्हणते, ते खरं का? निवडताना काय विचारतात? पगार कापतात का? आणि यजमान अजून ग्रीन कार्डवर आहेत, त्यांनाही तसलंच पाकीट आलंय, त्याचं काय करायचं?

मी न्यू जर्सीत फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. ज्युरी निवडणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून वकिलाच्या टेबलावरून काय दिसतं तेही सांगतो. नियम राज्याराज्यांत बदलतात. खाली आहे ते मुख्यतः न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टाचं.

यजमानांच्या पाकिटापासून सुरुवात करू, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. आपल्या राज्यात ज्युरीची यादी नुसत्या मतदारयादीवरून तयार होत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवाले, राज्याचा इन्कम टॅक्स भरणारे, अशा बऱ्याच याद्या एकत्र करून त्यातून चिठ्ठी काढल्यासारखी नावं निघतात. त्यामुळे ग्रीन कार्डवाले, एच-वन-बीवाले, सगळ्यांची नावं त्यात असतात. समन्स आलं म्हणजे सरकारने तपासून पात्र ठरवलं, असा त्याचा अर्थ नाही. पात्रता तपासण्यासाठीच सोबत प्रश्नावली असते आणि तिच्यात ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ हा प्रश्न असतो. यजमानांनी तिथे ‘नाही’ लिहायचं, मुदतीत परत पाठवायचं, प्रत स्वतःजवळ ठेवायची. इतकंच.

लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून पाकीट कचऱ्यात टाकतात. ही चूक निस्तरता येते. दुसरे ‘बोलावलंय तर जाऊन येऊ, कशाला सरकारशी पंगा’ म्हणून घाईत ‘हो’वर खूण करतात. ही मात्र जन्माची डोकेदुखी होऊ शकते. नागरिक नसताना नागरिक आहे असं सांगणं इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं कारण ठरतं आणि त्यातून सुटायच्या वाटा अगदी अरुंद आहेत. पुढे यजमान एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरतील तेव्हा ‘तुम्ही कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं आहे का’ असं तिथे सरळ विचारलेलं असेल. लायसन्स काढताना कुणी नकळत मतदार म्हणून नाव नोंदवून बसलं असेल, तर पुढचा कुठलाही कागद भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. माझ्यासारख्या फौजदारीवाल्याला नव्हे.

आता तुमचं समन्स. आधी वरचं नाव नीट वाचा. सुपीरियर कोर्टाचं असेल तर न्यू ब्रन्सविकला जायचंय. ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असेल तर ते फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कोर्ट; मग न्यूअर्क, ट्रेंटन किंवा कॅमडेन. दुसरं, ‘पेटिट ज्युरी’ की ‘ग्रँड ज्युरी’ ते बघा. आपल्या डोळ्यासमोर येते ती पेटिट ज्युरी, खटला ऐकून निकाल देणारी. ग्रँड ज्युरी त्याच्या आधीची पायरी: सरकारी वकिलाचा पुरावा ऐकायचा आणि आरोप ठेवण्याइतपत त्यात दम आहे का एवढंच ठरवायचं. तिथे जास्तीत जास्त २३ जण असतात, १२ जणांनी होकार दिला की आरोपपत्र निघतं. ते काम बंद दाराआड चालतं आणि बरेच आठवडे, ठरलेल्या वारी जावं लागतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं पेटिट ज्युरीचंच दिसतंय. त्यात आपल्या राज्यातल्या बहुतेक काउंट्यांत एक दिवस किंवा एक खटला असा हिशेब असतो. पहिल्या दिवशी निवड झाली नाही तर सुटलात, झाली तर तो खटला संपेपर्यंत.

समन्स फोनवरून येत नाही. ‘तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवली, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने दंड भरा’ असा फोन आला तर तो भामट्याचा. मुलांकडे राहायला आलेले आईवडील अशा फोनला लगेच घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मुंजीचं सोपं आहे. तिकीट काढलंय हे कारण कायमच्या सुटकेला पुरत नाही, पण तारीख पुढे ढकलायला पुरतं आणि पहिल्यांदा मागणाऱ्याला ती सहसा मिळते. प्रश्नावली भरतानाच, ऑनलाइन, मागा. स्वतः दोन-तीन सोयीचे आठवडे सुचवा. आदल्या रात्री फोन करून ‘उद्या फ्लाइट आहे’ म्हणणाऱ्यांचं कुणी ऐकून घेत नाही. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मागितल्यावर सूट मिळते. गेल्या तीन वर्षांत ज्युरीचं काम केलेल्यांनाही मिळते. आजारपण, लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणारं दुसरं कुणी नसणं, खरोखरची आर्थिक ओढाताण, यावरही विचार होतो, पण कागद जोडावे लागतात. ‘ऑफिसात रिलीज आहे’ याला कोर्टात कुणी भीक घालत नाही. आणि गैरहजर राहिलं तर आपल्या राज्यात ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो किंवा कोर्टाच्या अवमानाचं प्रकरण होतं. फेडरल कोर्टात दंडाची मर्यादा १००० डॉलर आहे, शिवाय तीन दिवसांपर्यंत कैदेची तरतूद.

पगाराचंही इथेच उरकतो. ज्युरीला गेलात म्हणून कंपनी कामावरून काढू शकत नाही की दमदाटी करू शकत नाही. त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असं मात्र खासगी कंपन्यांवर बंधन नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या देतात, तेव्हा एचआरचं हँडबुक बघा. तुम्ही ठरावीक पगारावर, ज्यांना ओव्हरटाइम लागू नाही अशा प्रकारात असाल, तर फेडरल नियमाप्रमाणे ज्या आठवड्यात थोडंही काम केलंय त्या आठवड्याच्या पगारातून ज्युरीचे दिवस कापता येत नाहीत. कोर्टाने दिलेला भत्ता तेवढा वळता करता येतो. तासावर काम करणाऱ्या कन्सल्टंट मंडळींना हे संरक्षण नाही. त्यांना लांबलचक खटल्यावर घेतलं तर खरंच फटका बसतो, आणि तसं जजला सांगणं हा बहाणा नव्हे. फेडरल कोर्ट दिवसाला ५० डॉलर देतं. राज्याच्या कोर्टाच्या भत्त्यावर घर चालेल अशी आशा कुणी धरू नये.

आता इंग्रजीचं. कायद्याची अट आहे इंग्रजी वाचता आणि समजता येण्याची. फर्डं बोलता येण्याची नाही, आणि उच्चार अमेरिकन असण्याची तर मुळीच नाही. तुम्ही इंग्रजीत नागरिकत्वाची मुलाखत देऊन आलात. तेव्हाच्या तयारीच्या शंभर प्रश्नांत ‘फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा’ हा प्रश्न होता. तुम्ही एकतर मतदान म्हणाला असाल, नाहीतर ज्युरी. आता नोकरीत रोज इंग्रजीत ईमेल लिहिणारी बाई जजपुढे ‘मला समजत नाही’ म्हणू लागली तर जज काय करतात? ते नोकरीबद्दल चार साधे प्रश्न विचारतात, आणि उत्तरं देता देताच तिचं पितळ उघडं पडतं. त्याआधी खरं बोलण्याची शपथ झालेली असते हे विसरू नका. खरोखर अडचण असेल, वैद्यकीय किंवा तांत्रिक साक्ष झपाट्याने चालली की धागा सुटतो असं वाटत असेल, तर तसं स्पष्ट सांगा. मी स्वतः अशा माणसाला आनंदाने जाऊ देईन. माझ्या अशिलाचं आयुष्य अर्धवट समजलेल्या साक्षीवर ठरावं असं मला कशाला वाटेल?

त्या दिवशी सकाळी सुरक्षा तपासणीतून आत जायचं, ज्युरींच्या दालनात हजेरी लावायची आणि वाट बघायची. भरपूर वाट बघायची. पुस्तक न्या, चार्जर न्या, स्वेटर न्या. कोर्टाचं एसी कुणाचं ऐकत नाही. पूर्वग्रहांबद्दल एक छोटी चित्रफीत दाखवतात. मग एखाद्या कोर्टरूममधून मागणी येते आणि नावं किंवा नंबर पुकारून एक जथा तिकडे नेतात. महासाथीपासून काही निवड व्हिडिओवरूनही होऊ लागली. तसं असेल तर समन्समध्ये लिहिलेलं असतं. कित्येकदा दुपारपर्यंत काहीच घडत नाही, कारण बाहेर पन्नास-साठ ज्युरर बसलेत हे कळल्यावर दोन्ही बाजूंना अचानक तडजोड सुचते. अशा दिवशी आपण उगाच बसलो असं वाटतं, पण तो खटला तुमच्या तिथे बसण्यामुळेच मिटलेला असतो.

कोर्टरूममध्ये जज खटल्याची ओळख करून देतात: आरोप काय, वकील कोण, साक्षीदार कोण, किती दिवस लागतील. गंभीर फौजदारी खटल्यात साधारण चौदा किंवा जास्त जणांना बसवतात. निकाल मात्र बाराच जण देतात. जादा कोण हे आपल्याकडे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं. सगळी साक्ष संपल्यावर चिठ्ठीने ठरतं. त्यामुळे ‘मी राखीव आहे’ म्हणून डुलकी काढायची सोय नाही. दिवाणी दाव्यात सहा जण पुरतात आणि सहापैकी पाच जणांचं एकमत झालं तरी निकाल लागतो. फौजदारीत सगळ्या बाराही जणांचं एकमत लागतं. लुइझियाना आणि ओरेगन या दोन राज्यांत दहाविरुद्ध दोननेही माणूस दोषी ठरायचा, ते २०२० साली सुप्रीम कोर्टाने रामोस खटल्यात बंद केलं.

आणि आता ज्याची तुम्हाला धास्ती आहे ती व्हॉयर डायर, म्हणजे प्रश्नोत्तरं. तुमच्या हातात छापील प्रश्न देतात. तुम्ही किंवा घरातलं, जवळचं कुणी गुन्ह्याला बळी पडलंय का? कुणावर आरोप झालाय का? पोलीस खात्यात, वकिलीत कुणी आहे का? साक्षीदार पोलीस आहे एवढ्याच कारणाने त्याच्या शब्दाला जास्त किंवा कमी वजन द्याल का? आरोपीने साक्ष दिली नाही तर ते त्याच्या विरुद्ध धराल का? यावर हो-नाही उत्तरं. ‘हो’ असेल तिथे जज बाजूला बोलावतात, त्याला साइडबार म्हणतात, आणि दोन्ही वकिलांसमोर हळू आवाजात विचारतात, म्हणजे तुमचं खासगी सगळ्या दालनाला ऐकू जात नाही.

मग येतो ओळखीचा भाग. हा न्यू जर्सीतला ठरलेला प्रश्न आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. काय काम करता, पूर्वी अगदी वेगळं काही करत होता का, शिक्षण, घरात कोण राहतं आणि ते काय करतात, मुलं काय करतात, टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून मिळवता, फावल्या वेळात काय करता, आणि गाडीला राजकीय उमेदवाराचा नसलेला एखादा बंपर स्टिकर असेल तर त्यावर काय लिहिलंय. हो, बंपर स्टिकर. गाडीच्या मागे माणूस काय चिकटवून हिंडतो यावरून त्याचा स्वभाव कळतो असं आमच्या व्यवसायात बऱ्याच जणांना वाटतं. मला त्यापेक्षा बातम्यांचा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. शिवाय किमान तीन प्रश्न असे असावे लागतात की ज्यांना नुसतं हो-नाही चालत नाही, आणि माझा कान तिथे सगळ्यात जास्त लागलेला असतो.

आपल्या मराठी मंडळींची गडबड नेमकी इथे होते. आपल्याला प्रश्न ऐकला की बरोबर उत्तर शोधायची सवय आहे. जज विचारतात, ‘निःपक्षपाती राहू शकाल का?’ आणि आपण तोंडी परीक्षेला बसल्यासारखे ताठ होऊन म्हणतो, ‘येस, युवर ऑनर.’ वाक्य पूर्ण, चेहरा कोरा. मला त्यातून काहीही कळत नाही. सरकारी वकिलालाही कळत नाही. तिथे बरोबर उत्तर नसतंच. कोर्टाला एवढंच हवं असतं की तुमच्या मनात आधीपासून काय बसलंय आणि ते बाजूला ठेवता येईल का, हे तुम्हीच सांगावं.

उदाहरणं देतो. भारतात पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनसाठी घरी आलेल्याने चहापाणी मागितलं, तेव्हापासून खाकीवर विश्वास नाही: सांगा. मामा साताऱ्याकडे फौजदार होते आणि त्यांची सचोटी बघत लहानाच्या मोठ्या झालात: तेही सांगा. आईची सोनसाखळी भर रस्त्यात खेचली: ‘ते तर पुण्यात झालं, इथे काय संबंध’ म्हणून गिळू नका. प्रश्नात देशाचं नाव नसतं. ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही, पोलिसांनी उगाच का पकडलं असेल’ असं मनातून वाटत असेल, तर ते शपथेवर कबूल करणारा ज्युरर मला शंभर ‘येस, युवर ऑनर’वाल्यांपेक्षा मोलाचा. जज पुढे विचारतील, ‘कायदा असा आहे की आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, सिद्ध करण्याचा सगळा बोजा सरकारवर, आरोपीने तोंडही उघडलं नाही तरी चालतं. हे पाळू शकाल?’ तेव्हा दोन क्षण थांबून खरं काय ते बोला. ‘कठीण जाईल, पण पाळेन’ हेही उत्तर आहे. ‘नाही जमणार’ हेही आहे.

सुटण्यासाठी मात्र हे वापरू नका. ‘मला सगळेच गुन्हेगार वाटतात’ असं ठोकून देणारे प्रत्येक खेपेला दोघे-चौघे भेटतात. जजनी अशी माणसं हजारोंनी पाहिलेली असतात. काही जज त्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतात, आणि मला त्यात थोडा आसुरी आनंद होतो हे लपवत नाही.

उत्तरांनंतर नावं कमी व्हायला लागतात, दोन प्रकारांनी. एक, कारण दाखवून: हा माणूस निःपक्षपाती राहू शकणार नाही असं जजला पटलं तर. याला मर्यादा नाही. दुसरा, कारण न देता, ज्याला पेरेम्प्टरी म्हणतात. हे मोजून मिळतात. आपल्या राज्यात खून किंवा तशा गंभीर आरोपांत आरोपीला २० आणि सरकारला १२, इतर फौजदारी खटल्यांत दोघांना १० आणि १०, दिवाणीत प्रत्येकी ६. वकील उठून म्हणतो, ‘ज्युरर नंबर सहा, आम्ही तुमचे आभारी आहोत, तुम्ही जाऊ शकता.’ कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नकार आल्यासारखं मनाला लावून घेऊ नका. कदाचित तुम्ही त्या खटल्यातल्या एका साक्षीदाराच्याच क्षेत्रात काम करत असाल, एवढंच. इंजिनियर लोकांबद्दल आमच्यात एक जुनी समजूत आहे: पुराव्यात भोक दिसलं की ते स्वतःच गणित मांडून बुजवतात. मी ती फारशी मानत नाही. मला इंजिनियर आवडतात. जजने सांगितलेली व्याख्या ते शब्दशः पाळतात आणि ‘वाजवी शंका’ म्हणजे काय ते बाकीच्यांना फळ्यावर समजावून देतात.

‘कारण न देता’ याचा अर्थ ‘वाटेल त्या कारणाने’ असा आता उरलेला नाही. वंशावरून ज्युरर काढता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८६ साली बॅट्सन खटल्यात सांगितलं, १९९४ साली तोच न्याय स्त्री-पुरुष भेदाला लावला. तरी वकील सोज्वळ कारणं शोधायचेच: नजरेला नजर दिली नाही, उच्चार कळत नव्हते. वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली नियमच केला की ‘मातृभाषा इंग्रजी नाही’ यासारखं कारण मुळात संशयास्पद धरायचं. कॅलिफोर्नियानेही तसा कायदा केला. आपल्याकडे २०२१ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढे अँडुहार खटला आला. त्यात न्यूअर्कच्या एका कृष्णवर्णीय ज्युररला काढायची सरकारी वकिलांची मागणी जजने फेटाळली, तेव्हा त्यांनी गुपचूप त्याची पोलीस नोंद तपासली, एक वॉरंट शोधलं, आणि ज्युरीसाठी आलेल्या त्या माणसाला अटक झाली. सुप्रीम कोर्टाने आरोपीची शिक्षाच रद्द केली. त्यानंतर २०२२ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे पेरेम्प्टरीबद्दल नवा, कडक नियम आला. अ‍ॅरिझोनाने तर त्याच वर्षाच्या सुरुवातीला पेरेम्प्टरी हा प्रकारच बंद करून टाकला. मला ते पटत नाही. ज्या ज्युररबद्दल पोटात खड्डा पडतो पण कारण शब्दांत मांडता येत नाही, त्याच्यासाठी आरोपीच्या हातात काहीतरी हवं. पण ज्यांनी या हत्याराचा इतकी वर्षं दुरुपयोग केला, त्यांच्यामुळे ही वेळ आली हेही खरं.

भाषेबद्दल तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. आपल्या काउंटीत गुजराती, हिंदी, तेलुगू, क्वचित मराठी साक्षीदारही दुभाष्यामार्फत बोलतात. तुम्हाला ती भाषा येत असेल तर निवडीच्या वेळीच सांगा. तुम्हाला विचारतील की मूळ वाक्य कानावर पडलं तरी दुभाष्याचं इंग्रजीच पुरावा म्हणून धराल का. कारण बाराही जणांपुढे एकच पुरावा असायला हवा, तुमच्यापुढे वेगळा नको. १९९१ साली हर्नांडेझ खटल्यात सरकारी वकिलाने स्पॅनिश येणारे ज्युरर याच शंकेवरून काढले आणि सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं. दुभाष्याची चूक ढळढळीत दिसली तर चिठ्ठी लिहून जजना कळवा. चर्चेच्या खोलीत बाकीच्यांना ‘खरं म्हणजे ती असं म्हणाली’ सांगू नका.

मराठी माणसाला तर हा मुद्दा वेगळा समजावायला नको. १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि ज्युरीपुढे त्यांचं इंग्रजी भाषांतर. त्या भाषांतरावर टिळकांनी स्वतः आक्षेप घेतले. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं, मंडाले. तसा निकाल आज इथे लागूच शकत नाही, दोघे जण अडून बसले असते तर खटला अनिर्णित राहिला असता. म्हणून त्या बारा खुर्च्यांत कोण बसतं याला मी इतकं महत्त्व देतो. आणि आपण तिथे बसू शकतो हेही फार जुनं नाही: १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं होतं, ते दार १९४६ च्या कायद्याने उघडलं.

‘भारतात नानावटी खटल्यामुळे ज्युरी गेली ना?’ हे प्रत्येक मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला कुणीतरी ऐकवतं. अर्धंच खरं आहे. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, जजना ते न पटल्याने त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टात ती कायम राहिली. पण ज्युरी बंद करा असं लॉ कमिशनने त्याआधीच, १९५८ सालच्या चौदाव्या अहवालात सुचवलं होतं. पूर्ण पडदा पडला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. पारशी विवाह न्यायालयात लोकांमधून पंच बसवायची पद्धत मात्र १९३६ च्या कायद्याने टिकून आहे. इथला फरक लक्षात ठेवा: अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटलं की संपलं. जजना कितीही खटकलं तरी ते वर पाठवता येत नाही आणि सरकारला अपील नाही. तुमच्या एका मताचं वजन इथे एवढं आहे.

निवड झालीच तर पहिला नियम: गप्प बसा. नवऱ्याशी नाही, आईशी नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नाही. ‘ज्युरीवर आहे, फार इंटरेस्टिंग केस आहे’ एवढंही नको, कारण लगेच नागपूरचे काका गुगल करून बातमीची लिंक पाठवतील आणि तुम्हाला ती जजना दाखवावी लागेल. स्वतःही काही शोधायचं नाही. आरोपीचं नाव नाही, कायद्याचा शब्द नाही, घटनास्थळाचा नकाशा नाही. घटना तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरची असली तरी मुद्दाम तिथे जाऊन बघायचं नाही. आणि निवडीच्या वेळी आम्ही तुमचं फेसबुक बघत असतो हे जाणून असा. जे सगळ्यांना उघडं दिसतं ते बघायला वकिलांना परवानगी आहे, फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायला नाही. कोर्टाच्या जिन्यात मी तुमच्याशी न बोलता मान फिरवून निघून गेलो तर तो उद्धटपणा समजू नका. त्या दिवसांत तुम्हाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणणंसुद्धा मला अवघड असतं.

निकालानंतर बंधन सुटतं. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला मात्र न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हाला गाठून ‘असं का ठरवलंत’ विचारता येत नाही, माझ्या तपासनिसालाही नाही. तेव्हा खटल्यानंतर वकिलाच्या ऑफिसातून म्हणून कुणाचा फोन आलाच, तर नाव आणि नंबर लिहून घ्या आणि तो कागद ज्युरी ऑफिसला द्या. ऑफिससाठी हजेरीचं प्रमाणपत्रही तिथेच मिळतं.